व्हिस्की, सावर!

इंग्रजीत आंबटाला 'सावर' म्हणतात आणि मराठीत तोल चाललेल्या माणसाला 'सावर' म्हणतात. त्यामुळे 'व्हिस्की सावर' हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, काय प्रामाणिक लोक आहेत! वैधानिक इशारा बाटलीवर बारीक अक्षरात छापण्यापेक्षा थेट पेयाच्या नावातच घालून टाकला. :)

तर मंडळी, आजचा विषय दारू आहे. ज्यांना हा विषय चालत नाही त्यांनी लिंबू सरबताचा लेख समजून वाचला तरी हरकत नाही. बराचसा मजकूर लिंबू, साखर आणि बर्फाबद्दलच आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी वर्ध्याचा. सेवाग्राम आमच्या घरापासून सायकलच्या अंतरावर, आणि गांधीजींच्या पुण्याईनं अख्खा जिल्हा कित्येक दशकांपासून दारूबंदीचा. आता नोकरीनं मला आणून टाकलंय कुठे, तर अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लुइव्हिल शहरात. म्हणजे बर्बन व्हिस्कीच्या माहेरघरी! इथल्या मेन स्ट्रीटच्या एका तुकड्याला 'व्हिस्की रो' असंच नाव आहे. गंमत म्हणजे याच केंटकीत काही काउंट्यांमध्ये आजही दारूविक्रीला बंदी आहे. म्हणजे मला अगदीच परकं वाटू नये याचीही सोय आहे.

आमच्या घरात 'दारू' हा शब्द कायम एकवचनी. बिअर, वाइन, व्हिस्की, मोहाची.. सगळं एकच. त्याला कारण माझे धाकटे काका. दारूबंदीच्या जिल्ह्यात राहूनही त्यांना कधी दारू कमी पडली नाही. कधी बाटलीतून यायची, कधी पन्नीतून. ग्लासात पडायची आणि ग्लास तोंडाला लागला की रिकामा होऊनच खाली यायचा. माणूस लाखात एक. मला सायकल त्यांनी शिकवली, दशांश अपूर्णांकही त्यांनीच शिकवले. २०११ साली लिव्हरनं गेले, तेव्हा ते एक्केचाळीस वर्षांचे होते आणि मी नववीत. तेराव्यानंतर आजीनं घरातले स्टीलचे उंच ग्लास एका पोत्यात भरून मोडीत काढले. कुणी काही बोललं नाही.

त्यामुळे इंजिनिअरिंगची चारही वर्षं मी हॉस्टेलवर 'चखना मेंबर' होतो. वर्गणी अर्धी, शेंगदाणे पूर्ण. तिथल्या पिण्याची पद्धत बघून माझं मत बदलायचं काही कारणही नव्हतं. नाक दाबून घशाखाली ढकलायची गोष्ट माणूस मुळात पितोच का, हे कोडं मला सुटलं नाही.

ते थोडंफार सुटलं ते इथे. क्लायंटकडे आमचा डेटाबेस सांभाळणारे एक साठीला टेकलेले गृहस्थ आहेत. मागच्या उन्हाळ्यात त्यांनी टीमला घरी जेवायला बोलावलं आणि प्रत्येकाला स्वतःच्या हातानं व्हिस्की सावर करून दिली. मी पेयाकडे कमी आणि त्यांच्या हाताकडे जास्त बघत होतो. छोटं स्टीलचं माप डोळ्याच्या रेषेत धरायचं, काठोकाठ भरायचं, ओतायचं. लिंबाचा रसही मोजून, पाकही मोजून. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला व्हर्निअर वाचावा तसं. मी विचारलं, इतकी वर्षं करताय तरी अजून मोजता? ते म्हणाले, "मोजतो म्हणूनच इतकी वर्षं करतोय."

दारू इतक्या निगुतीनं मोजणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. असो.

तर आता कृती. एका ग्लासाला:

बर्बन ६० मिली
लिंबाचा ताजा रस २५ मिली
साखरेचा पाक २० मिली
अंड्याचा पांढरा भाग साधारण १५ मिली (ऐच्छिक)
बर्फ भरपूर

पाक म्हटल्यावर एकतारी-दोनतारीच्या फंदात पडू नका. गुलाबजाम करायचे नाहीयेत. एक वाटी साखर, एक वाटी पाणी, साखर विरघळेपर्यंत गरम करायचं, संपलं. गार करून स्वच्छ बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवला तर दोन-तीन आठवडे आरामात टिकतो. साखर थेट ग्लासात का नको? कारण थंड द्रवात साखर नीट विरघळत नाही. पहिला घोट आंबट आणि तळाशी रवाळ चिखल, हे लिंबू सरबत करणाऱ्या कुणालाही माहीत आहे.

लिंबाबद्दल. इथे 'लेमन' म्हणतात ते पिवळं, जाड सालीचं, पेरूच्या वाटेवर असलेलं फळ. आपलं कागदी लिंबू हे त्यापेक्षा इथल्या 'लाइम'च्या जवळचं. त्याचा वास जास्त तिखट, आणि बर्बनच्या गोडसर वासावर तो कुरघोडी करतो. कागदी लिंबू वापरणार असाल तर २० मिलीपासून सुरुवात करा, मग चव बघून वाढवा. पण रस ताजाच हवा. बाटलीबंद रसानं आंबटपणा येतो, लिंबू येत नाही.

अंड्याचं काम चवीचं नाही, पोताचं आहे. जोरात हलवलं की त्यातली प्रथिनं उलगडतात, हवा धरून ठेवतात आणि वर पांढरा मऊ फेस येतो. लिंबाची धारही थोडी बोथट होते. कच्चं अंडं आहे, तेव्हा साल्मोनेलाचा धोका असतो. पाश्चराइज केलेलं मिळालं तर ते घ्या. आणि ज्यांच्या स्वयंपाकघरात अंड्याला प्रवेश नाही (आमच्याकडे ते गॅलरीतल्या स्टोव्हच्या पुढे कधी आलं नाही) त्यांच्यासाठी आनंदाची बातमी: काबुली चण्यांच्या डब्यातलं घट्टसर पाणी तेच काम करतं. खरंच! छोले बाजूला, पाणी ग्लासात. वास येईल असं वाटतं, पण लिंबू आणि बर्बनपुढे तो टिकत नाही.

आता हलवणं. अंडं असेल तर आधी बर्फाशिवाय १५ सेकंद, मग बर्फ घालून आणखी १५ सेकंद. शेकर नसेल तर घट्ट झाकणाची लोणच्याची बरणी चालते, फक्त आधी तिचा लोणच्याशी असलेला संबंध पूर्ण तोडा. बर्फाचं काम फक्त थंड करणं नाही. हलवताना तो वितळतो आणि ते पाणी हाही कृतीतला एक घटक आहे. त्या पाण्याशिवाय हे पेय घशाला ओरबाडतं. शेवटी गाळून ग्लासात ओतायचं. वर संत्र्याची चकती लावायची पद्धत आहे. नागपूरच्या शेजारच्या माणसानं त्यावर काय बोलावं.. इथली संत्री दिसायला छान असतात, एवढंच म्हणतो.

यात बर्बनच का? अमेरिकन कायद्यानुसार बर्बनच्या धान्यात किमान ५१ टक्के मका लागतो आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओक लाकडाच्या पिंपात मुरवावी लागते. मक्यामुळे गोडसर अंग येतं आणि जळक्या ओकमधून व्हॅनिलासारखा वास येतो. हा नुसता भास नाही, व्हॅनिलात असतो तोच व्हॅनिलिन हा पदार्थ लाकडातून व्हिस्कीत उतरतो. लिंबू आणि व्हॅनिला यांची जोडी जमते हे कुठल्याही केकवाल्याला विचारा. बर्बनला पिंप दरवेळी नवं लागतं, म्हणून वापरलेली पिंपं स्कॉटलंडला जातात आणि तिकडे स्कॉच त्यात मुरते. थोरल्याचे कपडे धाकट्याला, तसं. आणखी एक: बर्बन केंटकीतच व्हायला हवी असं कायद्यात नाही, अमेरिकेत झाली की पुरे. पण हे इथे चारचौघांत मोठ्यानं बोलू नका.

पुण्या-मुंबईच्या मित्रांसाठी: भारतानं फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्बनवरचं आयात शुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणलं. म्हणजे अजूनही दुप्पटच. आणि महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वयाची अट २५ आहे आणि परवाना लागतो, हे कॉलेजच्या मंडळींनी वाचून पान उलटावं.

थोडा इतिहास सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण त्यात आपला हात आहे. सावरचा पूर्वज म्हणजे 'पंच'. दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला अशा पाच गोष्टी, आणि अनेक शब्दकोश हा शब्द आपल्या 'पाच'शी जोडतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसांच्या पत्रव्यवहारात १६३२ साली हा शब्द सापडतो. इथून तो विलायतेला गेला, मोठ्या वाडग्यात करून दहा जणांत वाटायची पद्धत पडली. पुढे अमेरिकेत लोकांना घाई झाली आणि वाडग्याचा एकेकट्याचा ग्लास झाला. न्यूयॉर्कच्या जेरी थॉमस नावाच्या बारटेंडरनं १८६२ साली मिश्र पेयांचं पुस्तक छापलं, त्यात सावर आहेत. म्हणजे सावर हा एकट्यासाठी केलेला पंच.

हे 'एकट्यासाठी' मला जरा टोचतं. आणि आता मूळ मुद्द्यावर येतो.

सावरची खरी लबाडी अशी की ती दारू लपवते. जीभ कडवटपणाला दचकते, हा निसर्गानं दिलेला अलार्म आहे. लिंबू, साखर आणि फेस मिळून तो अलार्म म्यूट करतात. सरबत म्हणून ग्लास पाच मिनिटांत संपू शकतो. पण आकडे बघा: ४५ टक्क्यांची ६० मिली बर्बन म्हणजे २७ मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात साधारण २१ ग्रॅम. अमेरिकेत एक 'स्टँडर्ड ड्रिंक' १४ ग्रॅमचं धरतात. म्हणजे हा एक दिसणारा ग्लास दीड आहे. दोन म्हणजे तीन. जागतिक आरोग्य संघटनेनं तर जानेवारी २०२३ मध्ये सांगूनच टाकलं की आरोग्याला अजिबात धोका नाही अशी दारूची कुठलीही मात्रा नाही. आणि माझ्या बाबतीत आणखी एक आकडा आहे. जुळ्या भावंडांवर झालेल्या अभ्यासांतून दिसतं की दारूच्या व्यसनाच्या धोक्यात साधारण निम्मा वाटा अनुवंशिकतेचा असतो. काकांचं नाक मला आलंय, हे सगळेच म्हणतात. आणखी काय आलंय ते कोण सांगणार?

म्हणून माझा नियम. शनिवारी एक ग्लास, एवढंच. बाटली ७५० मिलीची, म्हणजे ६०च्या मापानं बारा ग्लास आणि वर थोडी. बारा आठवडे. बाटली उघडल्याची तारीख मार्करनं तळाशी लिहून ठेवलीय. सर्व्हरला मॉनिटरिंग लावतो, स्वतःला का नको? आपल्याकडे लग्नात नवी नवरी माप ओलांडून घरात येते. माझ्या घरात माप ओलांडायचं नाही.

हे सगळं घरी सांगितलंय. आईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी ओट्याशीच होतो.

"काय करून राहिला रे?"

"लिंबू पिळून राहिलो."

"एवढ्या थंडीत सरबत?"

म्हटलं, सरबतच, पण त्यात साठ मिली व्हिस्की आहे. आई काही बोलली नाही. फोन बाबांकडे गेला. मी बाबांना माप दाखवलं, बाटलीची तारीख दाखवली, बारा आठवड्यांचा हिशोब सांगितला. प्रेझेंटेशन देतात तसं. बाबा बँकेतून रिटायर झालेत, हिशोब त्यांना कळतो. बराच वेळ मापाकडे बघत राहिले.

"त्याच्या हातात कधी माप पाहिलं नाही," एवढंच म्हणाले.

मी म्हटलं, "बाबा, माप असतं तर काका वाचले असते असं मी म्हणत नाहीये. तो आजार होता." ते मला मनापासून वाटतं. मापानं आजार बरा होत नाही. माप फक्त वेळेवर दाखवतं, तेही बघायची तयारी असेल तर.

"आणि बाटली बारा आठवड्यांच्या आत संपली तर?"

"तर दुसरी आणायची नाही. आणि तुम्हाला फोन करायचा."

"फोन आधी कर," बाबा म्हणाले. "बाटलीचं मागाहून पाहू."

या बाटलीचा आज नववा शनिवार. सकाळी मोजून पाहिली, २७० मिली शिल्लक आहे. आठ ग्लासांचे ४८० गेले, हिशोब जुळतो. लिंबं मात्र संपलीत, तेवढी आणायला निघतो.