आवाजामागची भिंत

राज्यशास्त्राच्या पुस्तकातला पहिला धडा एका विद्यार्थिनीसाठी वाचून फोनवर रेकॉर्ड केला, तेव्हा मी समाधानात होते. हॉलमधल्या टेबलाशी बसून, फोन हातभर अंतरावर ठेवून, २८ मिनिटं न अडखळता वाचलं होतं. ती बी.ए.च्या पहिल्या वर्षाला, जन्मापासून अंध. संध्याकाळी तिचा फोन आला. "ताई, वाचता छान. पण तुमच्या आवाजामागे भिंत ऐकू येते."

मला आधी कळेचना. मग तिने समजावलं. ती धडे दुप्पट वेगाने ऐकते; सगळा अभ्यास कानांनीच करायचा, तर संथ ऐकून कसं भागणार? साध्या वेगात खोलीचा घुमारा कान आपोआप बाजूला सारतात. वेग वाढला की तेवढी सवड मिळत नाही. कलम ३५२ राष्ट्रीय आणीबाणीचं, ३५६ राष्ट्रपती राजवटीचं. 'बावन्न' आणि 'छप्पन' यांत तिची गल्लत झाली होती, आणि त्यात तिची काहीच चूक नव्हती. मी हेडफोन लावून पुन्हा ऐकलं. खरंच, प्रत्येक शब्दाला शेपूट होतं.

त्या दिवसापासून मी माझं घर कानांनी पाहायला लागले. हॉलमध्ये गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती, काचेची खिडकी. आवाज या सगळ्यांवर आपटून परत माइककडे येत होता. मी बेडरूममध्ये गेले. कपाटाची दारं सताड उघडून लटकवलेल्या साड्यांकडे तोंड केलं, पाठीमागे गादी उभी केली, खिडकीवर आईने शिवलेली गोधडी टांगली. टाळी वाजवून पाहिली. हॉलमधली टाळी खणखणीत घुमायची. इथली जागच्या जागी विरली.

मग अंतर. फोन हातभरावरून वीतभर जवळ घेतला, म्हणजे अंतर निम्मं झालं. तेवढ्याने थेट पोहोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, घुमारा मात्र होता तेवढाच राहतो. माझ्या फोनचा माइक खालच्या कडेला, चार्जिंगच्या खाचेशेजारी आहे. ती कड माझ्याकडे वळवली आणि टेबलाचे हादरे बसू नयेत म्हणून फोनखाली नॅपकिनची घडी ठेवली. पण जवळ आल्यावर 'भारत', 'भाग', 'फेरविचार' हे शब्द धाडधाड आदळायला लागले. तोंडासमोर तळहात धरून 'पळ' आणि 'फळ' म्हणून पाहा, 'फळ'ला हवेचा झोत हाताला लागतो. हा झोत माइकवर येऊ नये म्हणून फोन ओठांच्या समोरून काढून जरा बाजूला, तिरका ठेवला. धक्के थांबले.

पंखा बंद. एरोप्लेन मोड चालू. मे महिन्यातल्या पुण्यात बंद खोलीत पाठीवरून घाम ओघळायचा, म्हणून पहाटे पाचला उठून वाचायचे. रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्ये, मोनो, ४४.१ किलोहर्ट्‌झ, १६ बिट. मिनिटाला साधारण ५ एमबी जागा लागते; काटछाट झाल्यावर तिला पाठवण्यापुरती एमपी३ करायची. आवाजाचा काटा सर्वांत मोठ्या शब्दालाही उणे ६ डेसिबलच्या खाली ठेवायचा, कारण एकदा फाटलेला आवाज नीट शिवता येत नाही.

सुरुवातीला ५ सेकंद गप्प बसायची सवय लावून घेतली. त्या शांततेतली बारीक घरघर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरला नमुना म्हणून दाखवली, की ती पूर्ण धड्यातून कमी करता येते. एकदा मोहाने ती जास्तच पुसली, तर माझा आवाज पाण्याखालून आल्यासारखा झाला. तेव्हापासून सॉफ्टवेअरकडे शेवटी वळते. आधी खोली, मग अंतर.

एवढं जमल्यावर दुसरा धडा घेतला नाही. पहिलाच पुन्हा वाचला, कलमांच्या आकड्यांपाशी क्षणभर थांबत. या वेळीही २८ मिनिटं लागली. फाइल पाठवली आणि घड्याळाकडे पाहत बसले. तिने उघडल्याचं दिसलं.

पंधराव्या मिनिटाला फोन वाजला.

"ताई, दुसरा धडा कधी?"