बांबूचे बेट आणि उसाचा बुडखा



गडचिरोलीहून धानोऱ्याच्या एस.टी.त बसलात, की सुमारे तीस किलोमीटरवर, धानोरा जवळ आले असताना लेखा गाव लागते. त्याच्या शेजारीच मेंढा. म्हणून सारे जण मेंढा-लेखा असेच म्हणतात. गोंड लोकांचे लहानसे गाव, सारवलेली अंगणे, भाताची खाचरे आणि पाठीशी दाट जंगल. कृषी महाविद्यालयातला माझा एक वर्गमित्र तिकडे नोकरीला आहे. त्याच्या आग्रहावरून गेल्या हिवाळ्यात मी चार दिवसांची रजा काढून गेलो. गेलो होतो बांबू पाहायला आणि परतलो ते आपल्या उसाचा विचार करीत. हे कसे झाले, तेच आज तुम्हाला सांगायचे आहे.

बांबू म्हणजे गवत. ज्वारी, भात, ऊस यांच्याच कुळातले. आम्हाला पहिल्या वर्षाला हे शिकवतात. पण १९२७ च्या वन कायद्याने बांबूला झाडात धरले. त्यामुळे जंगलाच्या कडेला जन्म काढलेल्या माणसाला आपल्याच जंगलातला बांबू विकता येत नव्हता. तोडणी ठेक्याने व्हायची, माल कागद गिरणीकडे जायचा आणि गावच्या वाट्याला मजुरी यायची. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू हे गौण वनोपज मानले. २००९ साली मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांत मेंढा आहे. तरीही बांबूच्या वाहतुकीचा परवाना हाती येईना. गाव हटले नाही. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. देवाजी तोफा यांच्यासारखे गावातले कार्यकर्ते आणि त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षे बसून विचार करणारे मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे या कामात घ्यावीच लागतात.

जंगलात एका जाणत्या माणसाने मला मानवेलाचे एक बेट दाखवले. बांबूचे नवे कोंब बेटाच्या बाहेरच्या अंगाने येतात, जुने बांबू आत राहतात. तोडायचे ते आतले, पक्के झालेले. कोवळे राखायचे, म्हणजे बेट वाढत राहते. पण आत शिरायचे म्हणजे अंगाला काटक्या ओरबाडतात, बांबू ओढून काढताना दमछाक होते. नगावर मजुरी मिळणारा माणूस काय करील? कडेचे, सोपे, कोवळे तोडील आणि पुढच्या बेटाकडे जाईल. त्याला दोष कसा द्यावा? संध्याकाळी त्याची चूल पेटायची असते आणि ते बेट त्याचे नसते. तोच माणूस ग्रामसभेसाठी तोडतो, तेव्हा आत शिरतो, कारण तीन वर्षांनी त्याच बेटाशी त्यालाच परत यायचे असते. माणूस तोच, हत्यार तेच. काम कोणाचे, एवढेच बदलले.

मी तिथे जरा वेळ गप्प उभा राहिलो. मला आठवला उसाचा बुडखा.

मी मूळचा बीडच्या डोंगरपट्ट्यातला. दिवाळी झाली की आमची निम्मी वस्ती रिकामी व्हायची. मुकादमाची उचल घेतलेली असायची. नवराबायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. आजारपणात घरी राहिले तर खाड्याचे पैसे कापले जायचे. माझ्याबरोबर शाळेत बसणारी पोरे दिवाळीनंतर दिसायची ती एकदम उन्हाळ्यात. मी शिकलो, पंचायत समितीत विस्तार अधिकारी झालो, आणि पंचवीसहून अधिक वर्षे बागायतदारांना एकच सांगत आलो, की ऊस जमिनीलगत तोडा. साखर बुडाशी जास्त असते. वर बुडखा राहिला तर ती शेतातच जाते आणि खोडव्याची फूट चांगली येत नाही. सल्ला शंभर टक्के खरा होता. पण तो मी नेहमी बांधावर उभ्या असलेल्या मालकालाच दिला. फडात वाकलेल्या बाईला एकदाही दिला नाही. कोयता मात्र तिच्या हातात होता! माझ्याच गावच्या माणसांशी मी असा वागलो, हे मला परक्या जिल्ह्यातल्या बांबूने सांगितले.

बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बायांची गर्भाशये काढली गेल्याचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला. दुखणे अंगावर काढावे तर काम होत नाही, घरी बसावे तर खाडा, अशा कात्रीत बाई सापडते. अशा कामातून निघालेली साखर गोड कशी म्हणायची?

मेंढा म्हणजे स्वर्ग नव्हे. भात पावसावर आहे, बांबूचा भाव बाजार ठरवतो. पण तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचे जरी मन वळले नसेल, तरी पुन्हा बसतात. आधी अभ्यास गटात विषय समजून घ्यायचा, मग ग्रामसभेत ठरवायचा. मजुरीतला दहावा हिस्सा गावाच्या कोशात टाकायची रीत पडली आहे. अडल्यानडल्याला त्यातून आधार होतो आणि उचलीसाठी कोणाच्या दारात जावे लागत नाही. २०१३ साली तर गावाने आपल्या जमिनी १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे करण्याचे ठरवले. आपल्याकडे बांधाच्या वीतभर जागेसाठी भाऊ भावाचे तोंड बघत नाही, हे मनात येऊन मी ओशाळलो.

परतल्यावर एका ओळखीच्या बागायतदाराच्या फडात गेलो. या वेळी बांधावर न थांबता टोळीत जाऊन बसलो. एका बाईला विचारले, ऊस खालून का तोडत नाही? ती म्हणाली, "साहेब, तेवढं वाकायचे पैसे कोण देणार? दिवसाचं टनेज कमी भरतं." इतकी वर्षे अडलेले उत्तर एका वाक्यात मिळाले. मालक भला माणूस. खोडवा माझा सुधारणार, तर वाकण्याचे पैसेही मीच द्यायला हवेत, हे त्याला पटले. टोळीशी बसून त्याने एकरी जादा रक्कम ठरवली. फडाजवळ पिण्याचे पाणी आणि बायांसाठी आडोसाही केला.

तुमच्या घरी ऊस नसेल, कांदा असेल, कापूस वेचणी असेल. या हंगामात एवढेच करून पाहा. मजुरी ठरवायच्या आधी मजुरांबरोबर जमिनीवर बसा, आणि काम त्यांना कुठे जड जाते ते विचारा. मग दर बोला. आपल्या घरातल्या बाईचे कामही त्याच हिशेबात धरा.

त्या फडातला खोडवा आता फुटायला लागला असेल. बुडखे जमिनीलगत आहेत का, ते पाहायला मी पुढच्या आठवड्यात जाणार आहे.