जुनी गाडी आणि परिग्रहाचे परिमाण

२०२५ च्या श्रावणातील ती संध्याकाळ. नांदेडला माहेरी गेलेल्या नातसुनेला घेऊन नातू लातूरकडे परतत होता. सूर्यास्तापूर्वीचे जेवण माहेरीच उरकले होते आणि आठ महिन्यांचे बाळ मागच्या आसनावर आईच्या मांडीवर झोपले होते. लोहा मागे पडले आणि गाडीच्या फलकावर पिवळा त्रिकोण उमटला. पाठोपाठ हायब्रिड यंत्रणा तपासून घेण्याची सूचना आली, वेग मंदावला आणि थोड्याच वेळात गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहिली, ती हलेचना. वर पावसाची रिपरिप, शेजारून सुसाट जाणारे ट्रक. व्याही नांदेडहून दुसरी गाडी घेऊन येईपर्यंत सव्वा तास गेला. बाळाला काही झाले नाही. परंतु त्या सव्वा तासाने लातूरच्या त्या भुसार आडत्याच्या घरात महिनाभर पुरेल एवढा विचार पेरला.

गाडी अकरा वर्षांची. २०१४ मध्ये पेढीच्या नावे घेतलेली. त्या काळी आपल्याकडे हायब्रिड गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. १९९७ मध्ये जपानमध्ये टोयोटाची प्रियस विक्रीस आली, तेव्हापासून हे तंत्र जगाला ठाऊक होते. भारतात मात्र होंडाची सिव्हिक हायब्रिड २००८ मध्ये, प्रियस २०१० मध्ये आणि कर्नाटकातील बिडदी येथे जुळवलेली कॅमरी हायब्रिड २०१३ मध्ये आली. सुमारे ३० लाख रुपये एका गाडीसाठी मोजणे हे आडतीच्या धंद्यातील माणसाला सहज पटणारे नव्हते. थोरल्या मुलाने, ज्याला घरात सारे भाऊ म्हणतात, तेव्हा स्पष्ट नापसंती दर्शवली होती. परंतु अण्णांचा विचार वेगळा होता. गाडी घ्यायचीच, तर कमी इंधन जाळणारी घ्यावी. संसारात हिंसा पूर्ण टळत नाही, पण ती अल्प करता येते, असे त्यांचे म्हणणे.

गाडीने त्यांचा शब्द राखला. कुंथलगिरीच्या कितीतरी वाऱ्या तिने केल्या. २०१८ च्या फेब्रुवारीत श्रवणबेळगोळच्या महामस्तकाभिषेकाला अण्णा आणि त्यांच्या पत्नी याच गाडीने गेले. गावात शिरताना इंजिन बंद होऊन गाडी निःशब्द चालू लागली, की त्या माउलीला फार कौतुक वाटे. त्यांच्या निधनानंतर अण्णांनी मुनिश्रींच्या समोर परिग्रह-परिमाणाचा नियम घेतला : घरात चारचाकी एकच. म्हणजे आता नवी गाडी आणायची, तर जुनी आधी बाहेर जायला हवी. उभी राहू दे अंगणात, ही सोय उरली नव्हती.

नांदेडच्या एका कार्यशाळेत तपासणी झाली. अशा गाडीत पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटार दोन्ही असतात. ब्रेक लावला की वाया जाणारी गती वीज होऊन बॅटरीत जमा होते आणि पुढच्या वेळी कामास येते. ही बॅटरी बाहेरून चार्ज करावी लागत नाही. संगणक तिला कधी पूर्ण भरू देत नाही, कधी पूर्ण रिती होऊ देत नाही. म्हणून ती वर्षानुवर्षे टिकते. या गाडीच्या बॅटरीत निकेल-मेटल हायड्राइडचे ३४ संच एकापुढे एक जोडलेले, प्रत्येकी ७.२ व्होल्टचे, सारे मिळून सुमारे २४५ व्होल्ट. त्यांतील दोन संच दुबळे झाले होते. भागीदारीच्या पेढीत ३४ पैकी दोघांची पत गेली, की उरलेल्या ३२ जणांचा शब्दही बाजारात चालेनासा होतो, तसेच हे. शिवाय अशा गाडीचे इंजिनही याच बॅटरीच्या जोरावर सुरू होते. त्यामुळे "बॅटरी राहू द्या, पेट्रोलवर चालवू" हा मार्ग बंद.

संच दुबळे का झाले, याचे उत्तर मात्र सर्वांना खाली पाहायला लावणारे निघाले. या बॅटरीला थंड ठेवण्यासाठी मागच्या आसनाजवळच्या जाळीतून पंखा हवा ओढतो. ती जाळी आणि पंखा तुरीच्या फोलपटांनी, सोयाबीनच्या धुळीने गच्च भरला होता. वर्षानुवर्षे आडतीवरील नमुन्याच्या पिशव्या त्याच आसनावर, त्याच जाळीला टेकून ठेवल्या जात होत्या. मराठवाड्याचा उन्हाळा बाहेर आणि कोंडलेली उष्णता आत! इंजिनाचे तेल वेळेवर बदलले गेले, टायर वेळेवर बदलले गेले. पण हातभर जाळी पुसण्याची यतना अकरा वर्षांत कोणाला सुचली नाही. वयाचा दोष होताच, त्यात घरच्या हलगर्जीपणाची भर पडली होती.

पुढे तीन मार्ग होते. एका स्थानिक कारागिराने दोन संच बदलून देण्याचे ४० हजार सांगितले. पूर्ण नव्या बॅटरीचे दरपत्रक ३ लाख ६० हजारांचे आले. तिसरा मार्ग विकण्याचा. नांदेडचा एक तरुण व्यापारी, समाजातलाच, ५ लाख ५० हजार द्यायला तयार होता. त्याला गाडीचा रंग, आतली स्वच्छ आसने आणि एका हाताने वापरलेली गाडी एवढेच ठाऊक होते. मध्यस्थ हळूच म्हणाला, "काका, यंत्र लावून दोष पुसता येतो. आठ-दहा दिवस दिवा लागत नाही. तेवढ्यात कागद होऊन जातील."

भाऊ गप्प राहिले. सव्वा तासाची ती संध्याकाळ त्यांच्या डोळ्यांपुढे होती आणि गाडी एकदाची जावी, असे त्यांना मनापासून वाटत होते. अण्णांनी मध्यस्थाला विचारले, "आपल्या आडतीवर कोणी वर सुके आणि खाली ओले सोयाबीन भरून पोते आणले, तर आपण काय म्हणतो त्याला?" मध्यस्थ हसला. अण्णा हसले नाहीत. त्यांनी स्वतः त्या तरुणाला फोन लावला आणि दोन दुबळ्या संचांसह सगळे सांगितले. तरुणाने आभार मानले आणि दुसऱ्या दिवशी किंमत कळवली : २ लाख २५ हजार. एका फोनने सव्वातीन लाख गेले, असे घरात कोणीतरी म्हणाले. अण्णांनी दुरुस्त केले, "गेले नाहीत. ते आपले नव्हतेच."

त्यानंतर पितापुत्र हिशेबाला बसले. हा हिशेब समाजातील अनेक घरांना उपयोगी पडावा असा आहे. पहिली गोष्ट, ३० लाख विसरायचे. आयकराच्या हिशेबात दरवर्षी १५ टक्के घसारा वजा जाऊन पुस्तकी किंमत ११ वर्षांत ५ लाखांच्या आसपास आली होती. तीही निर्णयाचा आधार नव्हे; तिचा उपयोग एवढाच, की घसारा घेतलेली गाडी त्याहून कमी किमतीत विकल्यास नफ्याची बाजू उरत नाही आणि जुन्या वाहनावरील जीएसटी लागत नाही. दुसरी गोष्ट, दुरुस्त करून विकण्यात अर्थ नाही. ३ लाख ६० हजार घालून साडेपाच लाखांना विकली, तर हाती १ लाख ९० हजार. त्यापेक्षा आहे तशी विकलेली बरी. दुरुस्ती करायची ती वापरण्यासाठीच.

तिसरी गोष्ट भाऊंना नवी वाटली. दुरुस्तीचा खर्च ३ लाख ६० हजार नव्हेच. गाडी ठेवली म्हणजे हाती येणारे २ लाख २५ हजारही सोडले. एकूण ५ लाख ८५ हजार. अण्णांनी प्रश्न असा मांडला : ही गाडी दुसऱ्याची असती आणि नवी बॅटरी घालून ५ लाख ८५ हजारांना मिळत असती, तर आपण घेतली असती का? खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांची. ती २०२९ मध्ये संपणार. पुढे तपासणी आणि पर्यावरण कर भरून ती पाच वर्षांसाठी वाढवता येते. पण हिशेब चारच वर्षांचा धरला. शेवटी हाती काही येणार नाही असे मानले, तरी वर्षाला सुमारे १ लाख ४६ हजार पडतात. नवी २० लाखांची घेतली आणि चार वर्षांनी ती निम्म्या किमतीला आली, तर वर्षाला अडीच लाखांची घट. त्यावर १५ लाखांच्या कर्जाचे ९ टक्क्यांनी पहिल्या वर्षीचे सव्वा लाखाहून अधिक व्याज वेगळे. २२ सप्टेंबरपासून अशा मोठ्या हायब्रिड गाडीवरील एकूण कर ४३ वरून ४० टक्क्यांवर येणार, ही बातमीही त्याच सुमारास आली. तेवढ्याने हे पारडे फिरत नव्हते.

आकडे दुरुस्तीच्या बाजूने होते, आणि नेमके तेव्हाच अण्णा थांबले. दशलक्षण पर्व चालू होते. तत्त्वार्थसूत्राने परिग्रह ठरवला तो वस्तूंच्या संख्येवरून नव्हे, मूर्च्छेवरून, हे त्यांनी आयुष्यभर ऐकले होते. नवी गाडी घेणे ही मूर्च्छा, हे सांगणे सोपे. पण जुनी न सोडणे? त्या मागच्या आसनावर बसून श्रवणबेळगोळहून परतणारी पत्नी अजून त्यांना दिसत होती. आकडे उलट निघाले असते, तर आपण ते मानले असते का? हा प्रश्न त्यांनी मुलापुढे मोकळेपणाने मांडला. भाऊंनी बराच वेळ काही उत्तर दिले नाही. मग म्हणाले, "अण्णा, मला गाडी नवी की जुनी याचे काही नाही. बाळ पुन्हा रस्त्यावर उभे राहू नये, एवढेच."

अण्णांना निकष मिळाला. ४० हजारांची दुरुस्ती त्याच क्षणी बाद झाली. जुन्या ३२ संचांत दोन नवे घातले, तर आज ना उद्या तिसरा दुबळा होणार; आणि त्या स्वस्ताईची किंमत पेढीवर बसलेला माणूस नव्हे, रात्री रस्त्यात अडकलेला माणूस भरणार. करायची तर पूर्ण नवी बॅटरी, नाही तर आहे त्या किमतीत गाडी देऊन टाकायची. आणखी एक अट अण्णांनी स्वतःवर घातली : २०२९ मध्ये नोंदणी संपेल, त्या दिवशी निर्णय भाऊंचा. त्यांचा शब्द मध्ये येणार नाही. पुढचा महामस्तकाभिषेक बारा वर्षांच्या प्रथेने २०३० मध्ये येतो, याची नातवाने आठवण करून दिली, तेव्हा ते म्हणाले, "असलो तर रेल्वेने जाऊ."

अनंत चतुर्दशीनंतर नवी बॅटरी बसली. जुनी कार्यशाळेनेच पुनर्प्रक्रियेसाठी परत घेतली. बॅटरीच्या कचऱ्याचे २०२२ चे नियम तसेच सांगतात. नारिंगी वेष्टनाच्या तारांना घरच्या कोणी हात लावायचा नाही, हेही कारागिराने बजावले. सप्टेंबर संपता संपता मराठवाड्यावर अतिवृष्टी कोसळली. शेते पाण्याखाली गेली, सोयाबीन शेंगेतच काळे पडले. आडतीवर येणारा शेतकरी मालाऐवजी उचल मागायला येऊ लागला. नव्या गाडीत गेले असते ते भांडवल पेढीत होते, म्हणून काहींना उचल देता आली. हिशेब बरोबर ठरला; पण त्याचा आनंद मानावा असे ते वर्ष नव्हते.

आता नमुन्याच्या पिशव्या डिकीत जातात. दर चतुर्दशीला सकाळी अण्णा मऊ ब्रश घेऊन गाडीच्या मागच्या दारापाशी बसतात. जाळीत कोळी किंवा मुंगी नाही ना, हे आधी नीट पाहतात, असेल तर तिला अलगद बाहेर ठेवतात आणि मगच धूळ काढतात. नातसून कधी नांदेडला निघाली, तर जाळी पुसली का, हे त्यांना विचारून निघते.