गणपतीत ब्रुनो आमच्याकडे

मुलगा सातवीत गेला आणि घरात एकच विषय सुरू झाला, कुत्रा. नवऱ्याची हरकत नव्हती, सासूबाईंची होती. मला कोणी विचारलंच नाही, कारण शेवटी सगळं मीच करणार हे सर्वांनी गृहीत धरलं होतं.

गणपतीत विरारमधली आमची अर्धी इमारत कोकणात जाते. शेजारचे देवगडला निघाले आणि त्यांचा लॅब्राडॉर, ब्रुनो, कुठे ठेवायचा हा प्रश्न आला. मी म्हटलं, ठेवा आमच्याकडे, बघू तरी कसं होतं ते.

सकाळी डबे करायच्या आधी त्याला खाली न्यायचं. त्यात पाऊस. परत आला की चारही पाय पुसायचे, पोटाखालचा चिखल पुसायचा, तोवर तो अंग झाडून भिंतीवर शिंतोडे उडवून मोकळा. ओल्या कुत्र्याचा वास सोफ्याला बसतो आणि दमट हवेत जाता जात नाही. एकदा कानामागे हात फिरवताना वाटाण्याएवढी टणक गाठ लागली. पाहते तर गोचीड, रक्त पिऊन टम्म झालेली. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, चिरडायची नाही, हे मला शेजारणीने फोनवर शिकवलं. टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या इमारतीत कुत्र्याला आंघोळ घालताना बादल्या मोजाव्या लागतात, तेही कळलं.

आमचा गणपती दीड दिवसाचा. आरतीला झांजा वाजल्या की ब्रुनो पलंगाखाली. सासूबाईंनी त्याला देवाच्या खोलीच्या उंबरठ्यापलीकडे येऊ दिलं नाही, पण दुपारी दहीभात त्याच कालवत होत्या.

सुट्टी संपली तशी खरी परीक्षा सुरू झाली. मी सातच्या सुमारास घर सोडते. चर्चगेट इथून साठ किलोमीटर; बसायला मिळो न मिळो, परत येईपर्यंत रात्रीचे साडेआठ-नऊ होतात. नवऱ्याचं तसंच, मुलगा शाळा आणि क्लासमध्ये. म्हणजे दिवसभर कुत्रा सांभाळणार सासूबाई, गुडघे दुखत असताना. शिवाय वर्षातले चार-पाच महिने त्या धाकट्या दिरांकडे पुण्याला असतात. तेव्हा कुलूपबंद टू बीएचकेत तो काय करणार? जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी साचून लोकल बंद पडल्या होत्या. तसा दिवस पुन्हा आला तर?

गाडीतल्या माझ्या मैत्रिणीला हे सगळं गमतीचं वाटलं. ती वसईच्या गावातली, घरामागे केळीची वाडी. तिच्याकडचे कुत्रे दिवसभर वाडीत हिंडतात, भूक लागली की ओटीवर येतात. तालुका एकच, पण तिथे कुत्र्याला फिरवायला न्यावं लागत नाही.

सोसायटीची मला धास्ती नव्हती. पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्येच स्पष्ट केलंय. कमिटीवाले कुरकुरतात, ते आपण ऐकून सोडून देतो. रेबीजची वार्षिक लस, खाणं, डॉक्टर यांचाही खर्च झेपला असता. मी अडले ती वयाच्या हिशोबाला. लॅब्राडॉर साधारण दहा-बारा वर्षं जगतो. आज हट्ट करणारा मुलगा तेव्हा चोवीसच्या आसपास, कुठे असेल देव जाणे. म्हाताऱ्या कुत्र्याला उचलून जिना उतरणारी मीच.

मी सासूबाईंना सरळ विचारलं, तुम्हाला चालेल का?

"कुत्रा तुमचा, हौस त्याची, आणि बांधून मी राहू?" त्या म्हणाल्या. राग नव्हता, खरंच विचारत होत्या.

मुलाला सांगितलं, आता नाही. आमच्यापैकी एकाची नोकरी घराजवळ आली तर बोलू, आणि तेव्हाही लॅब्राडॉर नाही. खाली गेटपाशी गावठी पिल्लं दरवर्षी होतात, त्यातलं एक. तो दोन दिवस जेवताना बोलला नाही. हल्ली क्लासवरून आला की ब्रुनोला फिरवायला नेतो. शेजारीण खूश आहे. परवा जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, दिवाळीतही आम्ही गावालाच आहोत हं.