तिळी

गल्लीतली कुत्री भाद्रपदात माजावर येते आणि साधारण ६३ दिवसांनी, म्हणजे कार्तिकात विते. पिल्लांचे डोळे दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान उघडतात, तिसऱ्या आठवड्यात ती लटपटत चालू लागतात आणि संक्रांतीच्या आगेमागे आईच्या दुधावाचून राहण्याजोगी होतात. ऐन थंडीत रस्तोरस्ती पिल्ले का दिसतात, त्याचे उत्तर असे पंचांगात सापडते. तिळी २००९ च्या कार्तिकातली. पुण्यात सिंहगड रस्त्यालगत एका इमारतीचे बांधकाम चालू होते. तिथे पत्र्याच्या शेडमागे, जुन्या गोणपाटावर ती जन्मली.

तिला घरी नेणाऱ्या जोडप्याच्या मनात गावठी कुत्री मुळीच नव्हती. लग्नाला तीन वर्षे झालेली, घर दोन खोल्यांचे, आणि कुत्रा पाळण्याचा अनुभव दोघांनाही नाही. नवऱ्याला पग हवा होता. हच कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या पाठोपाठ फिरणारा पग २००३ साली घरोघरी पोहोचला, तेव्हापासून ही हौस शहरांत पसरलेली होती. पगाचे नाक इतके चपटे असते की उन्हाळ्यात त्याला धड धापही टाकता येत नाही, हे जाहिरातीत अर्थातच नव्हते. बायकोचा कल लॅब्रॅडॉरकडे होता. पण त्याला रोज तास-दीड तास दमवायचे कोणी, याचे उत्तर दोघांकडेही नव्हते. एका दुकानात त्यांनी पिंजऱ्यातली पिल्लेही पाहिली. ती जेमतेम सव्वा महिन्याची होती. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकू नये असा नियम केंद्र सरकारने पुढे २०१७ साली केला. त्यामागे दुधापलीकडचेही कारण आहे. भावंडांशी दंगा करताना एकाचा दात जोरात लागला की दुसरे केकाटते आणि खेळ मोडतो. किती जोराने चावायचे हे पिल्लू तिथेच शिकते. लवकर तोडलेले पिल्लू तो धडा माणसाच्या हातावर गिरवते.

बांधकामावरची चार पिल्ले तोवर दोनावर आली होती. दोन नर लोकांनी उचलून नेले होते, माद्या मागे राहिल्या होत्या. रखवालदाराच्या बायकोने आपण होऊनच सांगितले, “कुत्रा असता तर गोष्ट येगळी. कुत्रीचं काय करताल? वर्साला घर भरंल.” हा समज एवढा पक्का आहे की माद्या उकिरड्याजवळ सोडून येणाऱ्यांना त्यात काही वावगे वाटत नाही. वास्तविक पहिल्यांदाच कुत्रे पाळणाऱ्या घराला मादी पुष्कळदा सोयीची पडते; नरासारखी ती खांबाखांबाशी अडत नाही आणि वासामागे सहसा पळून जात नाही.

पिल्लू पाहताना डोळ्यांत चिपडे नाहीत ना, हिरड्या गुलाबी आहेत ना, शेपटीखालची जागा कोरडी आहे ना, एवढे पाहिले तरी बरेच कळते. नगाऱ्यासारखे फुगलेले पोट गुटगुटीतपणाचे लक्षण नसते. त्यात बहुधा जंत असतात. या दोघींचीही पोटे तशीच होती. स्वभाव पाहायला बायकोने किल्ल्यांचा जुडगा फरशीच्या तुकड्यावर टाकला. पांढरे पिल्लू पत्र्याखाली शिरले ते बाहेर आलेच नाही. बदामी पिल्लूही दचकून चार पावले मागे सरले, पण थोड्या वेळाने मान लांब करून आले, जुडगा हुंगला आणि त्यातली एक किल्ली तोंडात धरून ओढू लागले. दचकणे वाईट नाही. दचकून सावरायला किती वेळ लागतो ते पाहायचे असते. नवरा पांढऱ्यासाठी हळहळत होता. पहिलेच कुत्रे घेणाऱ्याने दयेपोटी सगळ्यांत भित्रे पिल्लू उचलू नये, हा सल्ला कठोर असला तरी खरा आहे. बदामी पिल्लाच्या नाकाशेजारी एक काळा ठिपका होता आणि दिवस संक्रांतीचे होते. नावासाठी वेगळा विचार करावा लागला नाही.

आईच्या वासासाठी गोणपाटाचा एक तुकडा बरोबर घेतला होता. लहान पिल्लांना वाहन लागते, ही गोष्ट मात्र कोणी सांगितली नव्हती. रिक्षा दुसऱ्या चौकात पोहोचायच्या आत तिळीने सकाळचा पाव नवऱ्याच्या मांडीवर उलटून टाकला. रात्री ती दीड वाजेपर्यंत रडली. ‘रडू द्या, सवय होईल’ हा शेजारचा उपदेश मोडून नवऱ्याने खाली सतरंजी टाकली, एक हात खोक्यात सोडला, तेव्हा आवाज थांबला. दोन महिन्यांचे पिल्लू आतापर्यंत एकटे कधी झोपलेलेच नसते. त्या रडण्याला हट्ट म्हणण्यात अर्थ नाही.

शी-शूचे गणित सोपे आहे. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळ थांबल्यावर लगेच ठरलेल्या जागी न्यायचे; दोन महिन्यांचे पिल्लू दोन-तीन तासांपलीकडे कळ काढू शकत नाही. दोघांनी कचेरीच्या वेळा वाटून घेतल्या, दुपारची वेळ सासूबाईंनी उचलली. वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांचा एवढा उपयोग त्या घरात पूर्वी कधी झाला नव्हता. सासूबाईंच्या दूधपोळीने तिला जुलाब लागले, कारण गाई-म्हशीचे दूध बऱ्याच पिल्लांना पचत नाही. मग दिवसातून चार वेळा मऊ भात, उकडलेले अंडे आणि कोंबडीचे बिनहाडांचे तुकडे असे ठरले. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला विषासारखे असल्यामुळे घरची उरलेली भाजी बाद झाली.

लसींच्या बाबतीत पहिलटकर पालकांची नेहमी कोंडी होते. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास, पुढच्या तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत, आणि रेबीजची तिसऱ्या महिन्यानंतर. तोवर पार्वोच्या भीतीने पिल्लू रस्त्यावर उतरवायचे नाही. पण नव्या गोष्टी न बिचकता स्वीकारण्याचे वयही तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचेच. लस पुरी होईपर्यंत थांबले की ते दार बरेचसे मिटलेले असते. तिळीला कडेवर घेऊन फिरवण्यात आले: मंडई, शाळा सुटतानाचा घोळका, बँडवाले, बोहारीण. घरातली कुकरची शिट्टी तिला आठवडाभर पलंगाखाली पाठवत असे. प्रत्येक शिट्टीला अंड्याचा तुकडा मिळू लागला, तेव्हा ती शिट्टीआधीच ओट्याशी येऊन बसू लागली.

चौथ्या महिन्यात दात पडू लागले. कुत्र्याला दुधाचे दात २८ आणि कायमचे ४२. बहुतेक दुधाचे दात पिल्लू गिळूनच टाकते. तिळीचा एक चपलेच्या पट्ट्यात रुतलेला सापडला. त्या चपलेचे काही उरले नव्हते. दात सासूबाईंनी कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवला.

अकराव्या महिन्यात पुन्हा भाद्रपद आला आणि सोसायटीच्या फाटकाशी सहा कुत्रे मुक्कामाला आले. रखवालदाराच्या बायकोचे भाकीत खरे ठरायला तेवढेच बाकी होते. चिटणीसांनी पत्र दिले. माजावर असताना रक्तस्राव जास्त होण्याचा धोका असतो, म्हणून शस्त्रक्रिया लगेच न करता मार्गशीर्षात केली गेली. गर्भाशय काढल्याने पिल्ले थांबतातच. शिवाय उतारवयात गर्भाशयात पू होऊन कुत्री दगावण्याचे भयही टळते.

पुढची बारा वर्षे फारसे काही घडले नाही. गोचीड दर पावसाळ्यात, फटाक्यांची भीती दर दिवाळीत. शेवटच्या दोन वर्षांत तिळीला ऐकू येईनासे झाले. हाक मारायची तर फरशीवर पाय आपटावा लागे. कुकरची शिट्टीही तिच्यापर्यंत पोहोचत नव्हती, पण भाताचा वास सुटला की ती उठून ओट्याशी येई. २०२३ च्या पावसाळ्यात मूत्रपिंडे निकामी होऊन ती गेली. कुंकवाची डबी कपाटात आहे.