जागा करताना

गेल्या चैत्रात आमच्या संगणकाने असहकार पुकारला. साठवणुकीची निळी पट्टी लाल झाली, पुण्याच्या लेकीशी बोलताना तिचा चेहरा पडद्यावर मधेच गोठू लागला, आणि पत्नीच्या मेंदूच्या एमआरआयची सीडी उतरवून घ्यायला गेलो तर जागा शिल्लक नसल्याची सूचना आली. तीन वर्षांपासून तिला स्मृतिभ्रंश आहे. तिच्या आजाराचे कागद ठेवायला जागा नाही आणि दिवाळीच्या शुभेच्छांच्या पणत्या मात्र शेकड्यांनी मुक्कामाला आहेत, हे पाहून मी चिडलो.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी याहून वेगळे नसेल, म्हणून हा अनुभव सांगतो. मी कर्जतचा, उल्हास नदीपासून हाकेच्या अंतरावर राहणारा निवृत्त शिक्षक. छायाचित्रे न पुसण्याचा माझा हट्ट जुना आहे. २६ जुलै २००५ च्या पुरात आमच्या घरात पाणी शिरले. ट्रंकेतले अल्बम तीन दिवसांनी उघडले तेव्हा पाने एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा झाला होता. लग्नाचे एकच छायाचित्र वाचले, तेही मेहुण्यांच्या घरी होते म्हणून. पुढे डिजिटल कॅमेरा आला, मग मोबाइल आला, आणि आता काहीही जाऊ द्यायचे नाही असे मी ठरवून टाकले. त्याचे फळ म्हणजे अडतीस हजार चित्रे. नेरळहून माथेरानला चढणाऱ्या छोट्या गाडीची एकाच वळणावरची अकरा, महडच्या वरदविनायकाच्या कळसाची नऊ. विजेच्या बिलांची किती, ते सांगत नाही.

पहिली चूक माझीच. मोबाइल हलका करावा म्हणून एका दुपारी दीड हजार चित्रे पुसली आणि संध्याकाळी पाहतो तो ऑनलाइन संग्रहातूनही ती नाहीशी! दोन्ही ठिकाणे एकमेकांशी जोडलेली असतात, एकीकडे पुसले की दुसरीकडचेही जाते, हे मला ठाऊक नव्हते. छातीत धडधडू लागले. रक्तदाबाची गोळी घेतली की नाही, तेही आठवेना. रविवारी खोपोलीहून भाचीचा मुलगा आला. "आजोबा, आधी कचरापेटी उघडा," तो म्हणाला. सारी तिथेच होती. गूगल फोटोजमध्ये प्रत घेतलेले चित्र पुसल्यावर साठ दिवस कचरापेटीत राहते. फोनवर जागा हवी आणि संग्रहातली प्रतही राहायला हवी असेल, तर हाताने पुसत न बसता तिथली जागा मोकळी करण्याची सोय वापरावी. ती प्रत घेतलेली चित्रे केवळ फोनवरून काढते. पण तो संग्रहही अमर्याद नाही. १ जून २०२१ पासून विनामूल्य मर्यादा १५ जीबीची आहे आणि आपली ईमेलही त्यातच मोजली जाते. संगणकाचे रिसायकल बिन तर आणखी फसवे. पुसलेले चित्र त्यात असेपर्यंत जागा अडवूनच बसते. बिन रिकामे केल्यावरच पट्टी मागे सरकते.

त्या मुलाने आधी सगळ्याची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतली आणि ती कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवायला लावली. (पुराची आठवण त्याला आईकडून मिळाली असावी.) मग फायली आकारानुसार लावल्या. खरी जागा चित्रफितींनी खाल्लेली होती. एक मिनिटाची चित्रफीत सहज वीस-तीस छायाचित्रांची जागा घेते आणि आमच्याकडे तर अख्खी लग्ने होती. व्हॉट्सअॅपवर आपोआप उतरणारी चित्रे बंद केली. एका सकाळी सहा हजार सुप्रभात गेले आणि मला कोणाचीही उणीव भासली नाही.

उरलेले काम मात्र माझे होते. रोज दुपारी तासभर, याहून अधिक नाही. डोळे चुरचुरतात आणि थकल्यावर निर्णय चुकतात. पत्नीला शेजारी बसवू लागलो, ते खरे तर तिच्यावर लक्ष राहावे म्हणून. वृद्धांनी गतायुष्याकडे वळून पाहणे हे नुसते रमणे नसून मनाची गरज असते, असे रॉबर्ट बटलर या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने १९६३ मध्ये मांडले होते. जुनी चित्रे दाखवून रुग्णाला बोलते करण्याची पद्धत आज जगभर वापरतात. तिने आजार बरा होत नाही. पण आमच्याकडे एक गोष्ट दिसली. "हा कोण, ओळख पाहू," असे विचारले की ती गप्प होई आणि पदराशी चाळा करू लागे. मी काहीच न विचारता चित्र नुसते समोर ठेवले, तर कधी कधी आपण होऊन बोले. शिक्षकाला परीक्षा घेणे सोडायला बराच काळ लागतो.

एके दिवशी २००९ सालच्या सहलीचे चित्र आले. चौकहून आम्ही काही शिक्षक सपत्नीक इर्शाळगडाला गेलो होतो. चित्र हललेले होते; वाडीतल्या एका घराच्या दारात तांब्या घेतलेली बाई आणि तिच्या लुगड्याआड अर्धवट दिसणारे पोर. मी पुसण्यासाठी हात पुढे केला.

"अहो, थांबा," ती म्हणाली. "हिनं मला पाणी दिलं होतं. माझ्या पायात काटा रुतला होता ना!"

काटा मी साफ विसरलो होतो. सकाळी जेवण झाले की नाही हे जिला सांगता येत नाही, तिला तो आठवत होता. "कशी आहे हो ती?" तिने विचारले.

आपल्याला ठाऊक असेल, १९ जुलै २०२३ च्या रात्री त्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सत्तावीस जणांचे मृतदेह मिळाले, सत्तावन्न जण बेपत्ता राहिले आणि २३ जुलैला शोधकार्य थांबवण्यात आले. ही बातमी आमच्या घरीही दिवसभर चालू होती, पण पत्नीच्या मनात ती टिकली नाही. आता सांगितले असते तर तिने ते पहिल्यांदाच ऐकले असते, आणि उद्या पुन्हा पहिल्यांदा. त्या बाईचे काय झाले, हे मला स्वतःलाही माहीत नव्हते. मी म्हणालो, "पुष्कळ दिवसांत भेट नाही गं." खोटे नव्हते, तरी मनाला लागले.

संगणकावर आता बावीस हजार चित्रे कमी आहेत. एमआरआय आणि औषधांच्या चिठ्ठ्यांना स्वतंत्र फोल्डर मिळाला आहे. ते हललेले चित्र मात्र मी कर्जतला छापून घेतले, दोन प्रती. वाडीतली अनेक घरे सामानासकट गाडली गेली. कोणाकडे आपल्या माणसाचे चित्र उरले असेल-नसेल. एक प्रत चौकच्या एका ओळखीच्या शिक्षिकेकडे दिली आहे, त्या बाईला किंवा त्या पोराला कोणी ओळखत असेल तर पोचवावी म्हणून. अजून निरोप आलेला नाही. दुसरी पत्नीच्या उशाशी असते. ती तिला रोज नव्याने दाखवते, "हिनं मला पाणी दिलं होतं."