अब्बांनी आणलेला गेम

नववीतल्या एका मुलाने परवा विचारलं, "सर, प्लेस्टेशन 2 एवढा चालला, मग ड्रीमकास्ट का बुडाला?" यूट्यूबवर काहीतरी पाहून आला होता. मी उत्तर दिलं, पण डोळ्यांपुढे आमच्या पनवेलच्या घरातलं कपाट आलं.

1994 साली अब्बा सौदीहून सुट्टीवर आले, तेव्हा माझ्यासाठी व्हिडिओ गेम घेऊन आले. अस्सल परदेशी, 16 बिटचा, सोबत दोन कॅसेट. मोहल्ल्यात तसा दुसरा नव्हता. तीच तर अडचण होती! बाकी पोरांकडे निंटेंडोच्या 1983 च्या फॅमिकॉमच्या स्वस्त नकला होत्या. त्यांच्या कॅसेट दुकानात भाड्याने मिळत. मारिओ दे, काँट्रा घे, अशी अदलाबदल चाले. माझ्या कॅसेट कुणाच्याच मशीनला लागत नसत. पंधरा दिवसांत दोन्ही खेळ तोंडपाठ झाले आणि मी शेजाऱ्यांच्या दारात जाऊन बसू लागलो.

ड्रीमकास्टचंही थोडंफार असंच झालं. 1998 चं मशीन, त्यात इंटरनेटसाठी मोडेमसुद्धा होता. पण सेगाने त्याआधी 1995 मध्ये सॅटर्न अमेरिकेत जाहीर तारखेच्या चार महिने आधीच मोजक्या दुकानांत उतरवला होता. बाकीचे दुकानदार दुखावले, खेळ बनवणारेही गाफील सापडले. ती नाराजी पुढे नडली. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने तर ड्रीमकास्टसाठी एकही खेळ काढला नाही. त्यात 2000 मध्ये प्लेस्टेशन 2 आला. त्यावर डीव्हीडी सिनेमे दिसायचे, जुन्या प्लेस्टेशनचे खेळही चालायचे. म्हणजे घरातल्या जुन्या डिस्क वाया जात नव्हत्या. 2001 मध्ये सेगाने ड्रीमकास्टचं उत्पादन थांबवलं. प्लेस्टेशन 2 मात्र 15 कोटींच्या वर खपला.

कंपन्या मशीन कमी नफ्यात, कधी तोट्यातही विकतात आणि खेळांवर कमावतात. म्हणून खेळ बनवणारा रुसला की मशीन नुसता डबा उरतो.

आमच्या डब्यावर अम्मीने विणलेला रुमाल घातला होता. पुढच्या सुट्टीत अब्बांनी तो उचलून पाहिला. "बिघडला काय रे?" मी मान हलवली. खरं सांगायचा धीर झाला नाही. त्यांनी तो बॅगेत भरून परत सौदीला नेला.

वर्षभराने घेऊन आले. म्हणाले, "दुकानदार म्हणतो, ह्यात काही बिघाडच नाही."